चाळीस मिनिटं

बाळाला मांडीवर घेऊन मी एंटर दाबलं. कालपर्यंत या अगडबंब बहुपदीचे अवयव पाडायला संगणकाला चाळीस मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात बाळ झोपायचं. आज माझी नवी, वेगवान पद्धत पहिल्यांदाच चालवून बघत होते; ती पाच वाजेपर्यंत ऑफिसला पाठवली, तरच आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार होती.

अंगाईची पहिली ओळ संपायच्या आतच आकडेमोड थांबली.

"बंद पडलं हो, आई!" मला रडूच आलं.

सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. चष्मा लावून त्या वाकल्या. "अगं, अवयव तर पडलेत. ताळा केलास का?"

मी सगळे अवयव परत गुणले. मूळ बहुपदी, जशीच्या तशी!

"आई, चार सेकंदांत!"

बाळ टक्क जागं होतं.

"याला अजून चाळीस मिनिटंच लागणार," सासूबाई हसल्या. "दे इकडे. तू पाठवून टाक आधी."