एक की तीन

त्या शेवटच्या साध्यासुध्या संध्याकाळीही बाप आणि मुलगी हमरीतुमरीवर आले होते. एका ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सर्व्हर प्रोग्रॅमची पॅकेजेस, लोकांना आपल्या मशीनवर बसवता येतील अशी, दोघं मिळून बांधायचे.

"सर्व्हर वेगळा, क्लायंट वेगळा, माहितीपुस्तिका वेगळी. ज्याला क्लायंटनं दुसऱ्याच्या सर्व्हरला नुसतं जोडून घ्यायचंय, त्याच्या मशीनवर आख्खा सर्व्हर कशाला चालू करून ठेवायचा?" बाबा म्हणाले.

"लोकांना एका दमात सगळं हवं असतं, बाबा. एकच पॅकेज ठेवा. तुमचा हेका म्हणजे ना!"

"आणि तुझा कुठून आला?" ते हसले. तिनं दार लावून घेतलं.

सकाळी बाबा उठलेच नाहीत.

आठवड्यानं त्या सर्व्हरच्या प्रकल्पाकडून निरोप आला: पॅकेजेस आज पाचपर्यंत पाठवा, नाहीतर नवी आवृत्ती तुमच्या पॅकेजशिवाय निघेल. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं. तरी तिनं मुकाट्यानं तीन पॅकेजेस बांधली आणि पाचाला सात मिनिटं असताना पाठवली. पॅकेजेस नाकारली जाऊन परत आली. पॅकेजेस कशी बांधायची ते सांगणारी फाईल आधीच कुणीतरी बदलली होती. तिनं त्या बदलाची नोंद उघडली. बदल बाबांचा होता, तिनं दार लावल्यानंतर दहा मिनिटांनी केलेला: 'एकच पॅकेज केलं. लेकीचं बरोबर आहे.'



तिनं त्यांचा बदल काढला, आपली तीन पाठवली आणि रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं सांगितलं, "नाही बाबा, तुमचंच बरोबर होतं."