अजून एक यायचंय

शिवणवालीच्या दुकानाच्या पायरीवर बाई तिसऱ्यांदा थबकल्या. आतलं मशीन बंद होतं. टेबलावर कापडी पिशव्यांचा ढीग पडला होता आणि प्रत्येक पिशवीवर निळ्या ठसठशीत अक्षरांत एकच ओळ होती. ‘थांबा, अजून एक यायचंय.’

ओळ बाईंचीच होती. सकाळी बाजारात अशी एक पिशवी टांगलेली दिसली, तेव्हा या कुठे शिवतात म्हणून त्यांनी सहज विचारलं. विकणाऱ्याने पत्ता सांगितला. दुसऱ्या कुणीही शिवल्या असत्या तरी चाललं असतं. हे दुकान गोगलगायीच्या आईचं होतं.

गोगलगाय हे वर्गाने ठेवलेलं नाव. तेव्हा शाळा बंद होत्या, वर्ग फोनवर भरायचा आणि घरातला एकुलता एक फोन हाती लागेपर्यंत नऊ वर्षांच्या त्या पोरीला रोज उशीर व्हायचा. सगळी मुलं आल्याशिवाय धडा उघडायचा नाही, हा बाईंचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. चोविसातले तेवीस आवाज हजेरी देऊन गेले की बाई म्हणायच्या, “थांबा, अजून एक यायचंय.” मग फोनच्या तारेवरून पळत आल्यासारखा धापा टाकणारा आवाज यायचा, आले बाई, आले. तेवीस जण खिदळायचे आणि धडा सुरू व्हायचा.

एकदा चार दिवस ताप आला आणि ती गेली. जन्मभर अवघड गोष्टी सोप्या करून सांगणाऱ्या बाईंना ही एक गोष्ट मुलांना सांगता आली नाही. दुसऱ्या सकाळी तेवीस आवाज मोजून झाले आणि तोंडातून सवयीने तेच वाक्य निघालं. तिसऱ्या सकाळी ते सवयीने निघालं नव्हतं. पुढे वर्षभर बाई रोज दोन मिनिटं थांबल्या. मुलांना कुठून ना कुठून कळलंच असणार, पण एकानेही विचारलं नाही. मुलंही बाईंसोबत थांबायची.

मग कुणीतरी बाईंच्या आवाजातलं ते वाक्य फोनवर टिपून पुढे पाठवलं आणि ते पाखरासारखं भुर्रकन उडालं. आधी पोरं उशिरा येणाऱ्या मित्राला ते ऐकवायची. मग कुणी त्याला ढोलकी जोडली. लग्नातल्या फोटोंखाली ते आलं, खच्चून भरलेल्या बसच्या चित्रावर आलं, दोन मुलींवर मुलाची वाट बघणाऱ्या नवऱ्याच्या थट्टेत आलं. वर्षभरात त्याचा अर्थच पालटला. डोक्याने जरा कमी असलेल्या माणसाला लोक म्हणू लागले, याचं अजून एक यायचंय. बाईंचा स्वतःचा भाचा जेवताना हे बोलला आणि सगळं घर हसलं. बाई पाणी प्यायचं निमित्त करून उठल्या. शब्द उंबरा ओलांडला की आपला राहत नाही, असं त्यांनीच कितीदा वर्गात शिकवलं होतं.

हे केलं कुणी, एवढंच त्यांना हवं होतं. शाळा पुन्हा भरली तेव्हा त्यांनी तेवीस मुलांना एकेक करून उभं केलं. सगळी नाही म्हणाली. शिवणवालीच्या शेजारच्या जुळ्या बहिणी तर रडू लागल्या. बाईंनी कुणावरच विश्वास ठेवला नाही. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी फुलं आणली, ती त्यांनी टेबलावरच राहू दिली. रात्री कधी झोप लागली नाही की त्या ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायच्या. आपला आवाज, त्यामागे एक बारीक खडखड, आणि मग ती रिकामी शांतता.

“बाई, उन्हात का उभ्या? आत या की.”

शिवणवालीने स्टूल पुढे सरकवलं. तीन वर्षांत ती वाळली होती, केस पांढरे झाले होते. बाईंनी सगळं एका दमात सांगून टाकलं. माझ्या वर्गातल्याच कुणीतरी हा बाजार मांडला, मला थांबवता आला नाही. तुमच्या लेकीच्या नावाने मी थांबायचे आणि आज जग त्यावर हसतंय, आणि ते तुमच्याच हातून शिवून घेतंय. मला तोंड दाखवायला जागा नाही. छापणाऱ्याला मी आजच भेटते.

शिवणवालीने ढिगातली पिशवी उचलली, सुईखाली धरली आणि पाय चालवला. मशीन सुरू झालं.

बारीक खडखड.

बाईंनी मान वर केली. ती खडखड त्यांना पाठ होती.

“त्या जुळ्या फोनवरच्या वर्गाला माझ्याकडेच बसायच्या, त्यांच्या घरी गोंगाट फार,” शिवणवाली शिवता शिवताच म्हणाली. “पोरींवर उगाच रागावलात तुम्ही. ते मी टिपलं होतं, बाई. घरातले सगळे म्हणत होते, पुरे आता, विसर तिला. म्हणून बहिणीला पाठवलं. म्हटलं, ऐक, बाई अजून थांबतात.”