मस्टँगचा मूळ अर्थ

"बाबा, ओळखलंत का?"

सलग तिसऱ्या रविवारी तिनं हेच विचारलं. कोशकारांनी चष्मा वर सरकवला, तिला नीट न्याहाळलं आणि ओशाळून हसले. "मुलगी ना माझी? डोक्याचं पार भुसकट झालंय बघ."

"असू दे. मी ठेवते ना लक्षात."

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात नर्सबाई शेजारच्या आजोबांची नखं कापत होत्या. अशी गुणाची लेक शोधून सापडायची नाही, असं त्या येईल-जाईल त्याला सांगत. सहा वर्षांत कोशकारांकडे चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. मुलगी परदेशात होती, वडिलांचा पत्ता आत्ता कुठे लागला, असं तिनंच सांगितलं होतं.

चाळीस वर्षं शब्दकोश रचण्यात गेलेला माणूस. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नसे, पण शब्द एकही निसटला नव्हता. म्हणून ती दर वेळी एक शब्द घेऊन येई.

"आज मस्टँग," ती खुर्ची ओढत म्हणाली. "रानटी घोडा. बरोबर?"

"साफ चूक!" कोशकार खुलले. "रानटी नव्हेच तो. पाळलेले घोडे सुटले, मोकाट झाले, त्यांची ही पिल्लावळ. मूळ शब्द स्पॅनिश, मेस्तेन्यो. तिकडे पूर्वी पशुपालकांचा संघ होता, मेस्ता नावाचा. कळपात घुसलेलं परकं जनावर संघापुढे उभं करायचं आणि विचारायचं, हे कोणाचं? कोणीच पुढे आलं नाही, की ते मेस्तेन्यो. बेवारस."

"मग त्याचं काय व्हायचं?"

"संघाच्या मालकीचं व्हायचं."

"म्हणजे कोणाचं तरी व्हायचंच." तिनं त्यांची कॉलर सारखी केली. "बाबा, घरी येता?"

नर्सबाईंचा हात थांबला. कोशकार खुर्चीत पुढे सरकले.

"कधी?"

"आत्ता."

ऑफिसात व्यवस्थापकांनी कागद पुढे केला, पण पेन लगेच सोडलं नाही. "आजोबा, नक्की ना? मुलगी आहे असं तुम्ही कधी बोलला नव्हता."

"विसरलो असेन. पण समोर आल्यावर बाप लेकीला विसरेल होय?"

'नातं' या शब्दापुढे कोशकारांनी वळणदार अक्षरात लिहिलं, मुलगी.

फाटकाकडे जाताना तिनं त्यांचा हात धरला होता. विसरण्यासारखं काही नव्हतंच. कोशकारांनी लग्नच केलं नव्हतं. पहिल्या रविवारी ती 'बाबा' म्हणाली, तेव्हा चूक सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, ही एवढी एक त्यांनी राहू दिली. बिचारीची फसगत झाली होती, आणि फसवणारे ते होते. हिचा खरा बाप कुठेतरी वाट बघत बसला असेल, या विचारानं त्यांची पावलं जड झाली. सांगून टाकावं. अजून वेळ गेलेली नाही.

"अगं, ऐक..."

"गाडीत बसून बोलू," ती म्हणाली.

बाहेर पांढरी व्हॅन उभी होती. तिनं मागचं दार सरकवलं. आत चार म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. कोशकारांकडे कोणीच पाहिलं नाही. चौघांचे डोळे तिच्यावर खिळले होते.

"बाबा," तिनं हाक मारली, आणि पाचही जणांनी एकदम ओ दिली.