शांत खोली

मंद आवाजातली वाद्यवृंदाची ही मैफल खास स्वमग्न मुलांसाठी होती. पण दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, तरी पाहुण्यांचं भाषण संपेना. "या मुलांसाठी जोरदार टाळ्या," ते माइकवर गरजले. टाळ्या कडाडल्या, तशी हेमलताची लेक कान दाबून किंचाळत खुर्चीखाली शिरली.

संयोजक धावत आले. "ताई, हिला बाहेर शांत खोलीत न्या. साहेब बोलतायत."

हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर प्रत्येक लग्नातून, देवळातून लेकीला घेऊन तीच बाहेर पडली होती. तरातरा मंचावर चढून तिने माइकची वायरच उपटली. "वाजवा तुम्ही," ती वादकांना म्हणाली.

पाहुणे लालबुंद झाले. "असला तमाशा मला सहन होत नाही."

"मग शांत खोलीत तुम्ही बसा. बाहेर डाव्या हाताला आहे."