बाबांचं जेवण

बाबा गेले, पण त्यांच्या फुप्फुसातल्या कॅन्सरच्या पेशी लेकीच्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. ज्यांनी बाबांचा घास घेतला, त्यांनाच ती दिवसाआड खाऊ घालायची. घरी आली की आई न चुकता विचारायची, "जेवले का गं आज ते?"

आज सर जरा चाचरतच म्हणाले, "तपासणीत निघालं, या पेशी तुझ्या बाबांच्या नाहीत. कोण कुठल्या बाईच्या पेशी कधीतरी चुकून या बशीत पडल्या, फोफावल्या आणि त्यांच्या पेशी केव्हाच संपवून बसल्या. टाकून दे."

पेशी मारायला तिनं ब्लीचची बाटली उचलली, पण हात धजावेना.

"सर, हिच्या घरीही कुणी विचारत असेल ना, जेवली का म्हणून?"