चहा कुणाकडून

“आज ह्यांना ड्रॉप टाका,” प्रतिभाताई म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधता बांधता जीवनरावांचा हात थांबला.

“वहिनी, तुम्हीच तर शपथ घातली होती.”

“घातली होती. आता मीच सोडवते. फक्त मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धम्मपाल पगारे माकडटोपी काढून हातपाय मोकळे करत होते. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

ड्रॉप ही बॅडमिंटनमधली मोठी लबाड चीज. मारणारा हात असा उगारतो की समोरचा धसका घेऊन मागच्या रेषेपर्यंत पळतो, आणि फूल मात्र जाळी ओलांडून जेमतेम पलीकडे टपकतं. गेल्या वर्षी जीवनरावांचं असंच एक फूल उचलायला धम्मपाल धावले आणि जाळीपाशी छाती धरून खाली बसले. पुढं दवाखाना, बायपास, अळणी भाजी. डॉक्टरांनी पुन्हा खेळायची परवानगी दिली. प्रतिभाताईंनीही दिली, पण आपल्या पद्धतीनं. सकाळच्या मंडळींना त्यांनी घरी बोलावलं, पोहे खाऊ घातले आणि शपथ घातली, की ह्यांना कुणीही ड्रॉप टाकायचा नाही. पोटात पोहे गेल्यावर नाही कोण म्हणणार?

मंडळींचा एक जुना रिवाज होता. ड्रॉप ज्याच्यापुढं मरून पडला, त्या दिवसाचा चहा त्याच्याकडून. गावातल्या द्वारका नावाच्या चौकात, तेव्हा अजून उड्डाणपूल झाला नव्हता, बारकूची टपरी होती. तिथं सगळे घाम पुसत उभे राहायचे. आजारपणानंतर धम्मपालांवर चहाची पाळी आलीच नाही. घरी येऊन ते मिशीवरून हात फिरवायचे. “आपल्यावर आता कुणाचा ड्रॉप चालत नाही बरं का!” प्रतिभाताई मान खाली घालून भाजी निवडायच्या. लपवाछपवीचं त्यांना वाईट वाटायचं, पण नवरा धडधाकट घरी येतोय, यापुढं ते वाईट वाटणं टिकायचं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. परवा मात्र जेवताना धम्मपाल सहज म्हणाले, “नांदगावला स्पर्धा आहे. पन्नाशीच्या पुढच्यांची. मी नाव देतोय.”

प्रतिभाताईंनी हातातला घास ताटात ठेवला. नांदगावच्या लोकांना कुठं पोहे खाऊ घालणार? तिथला कुणीतरी पहिल्याच डावात ड्रॉप टाकणार, ह्यांना सवय नाही, हे वेड्यासारखे धावणार. आणि तिथं काही झालं तर? खरं सांगून टाकावं, तर माणूस मनातून खचायचा. त्या गुपचूप डॉक्टरांना भेटून आल्या. “बाई, त्यांचं हृदय तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. पळू द्या त्यांना,” डॉक्टर हसून म्हणाले. प्रतिभाताईंना हसू आलं नाही. जे व्हायचं ते आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या माणसांत होऊ दे, असं त्यांनी ठरवलं. म्हणून आज त्या शाल पांघरून मैदानाच्या कडेला बसल्या होत्या. जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत होती.

खेळ सुरू झाला. जीवनरावांची छाती होईना. एकदा त्यांनी हात उगारला, प्रतिभाताईंकडे पाहिलं आणि फूल नेहमीसारखं उंच टोलवून दिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा प्रतिभाताईंनी डोळे वटारले.

जीवनरावांनी हात उगारला. धम्मपाल मागच्या रेषेकडे सरकले. आणि रॅकेट ऐन वेळी ढिली पडली. फूल जाळीच्या दोरीला हलकेच टेकून पलीकडे घसरलं.

धम्मपाल धावले. शेवटच्या पावलाला त्यांनी अंगच झोकून दिलं, रॅकेट लांबवली आणि धाडकन पालथे पडले. फूल त्यांच्या नाकापुढं वीतभर अंतरावर मातीत पडलं होतं.

ते उठले नाहीत.

“अहो!” प्रतिभाताई चप्पल टाकून धावल्या. शाल कुठं पडली, त्यांना कळलं नाही. त्यांनी गुडघे टेकून नवऱ्याचा खांदा धरला. खांदा गदगदत होता. त्यांनी त्यांना उताणं केलं.

धम्मपाल हसत होते. मिशीला माती लागलेली, डोळ्यांतून पाणी, आणि पोट धरून हसत होते.

“चहा माझ्याकडून!” पडल्या पडल्याच ते ओरडले. “जीवन, सगळ्यांना सांग! आज चहा धम्मपालकडून!”

मैदानभर एकच गलका झाला. जीवनराव रॅकेट टाकून मटकन खाली बसले आणि तोंड पुसू लागले. प्रतिभाताईंच्या मुठीतली गोळी घामानं पार विरघळली होती. छातीवरचा धोंडा उतरला आणि त्यांना तिथंच, सगळ्यांदेखत, रडू फुटलं.

“नीट श्वास घ्या,” त्या डोळे पुसत पुटपुटल्या. “आता खुशाल जा नांदगावला. मी नाही अडवायची.”

धम्मपाल उठून बसले. त्यांनी बायकोच्या पदराला लागलेली माती झटकली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “इतके दिवस फुकटचा चहा पितोय, मला कळत नाही होय? अगं, नांदगावला कसली आलीय स्पर्धा!”