दोर धरणारा

"दोर याच्याशिवाय कुणी धरायचा नाही. नाहीतर मी निघालो," मिस्त्री जोडीदाराकडे बोट दाखवत म्हणाले आणि खरंच पिशवी उचलायला वाकले.

मालकिणीने दिराकडे डोळे वटारून पाहिलं. दीर पैलवान होता. म्हणजे कधीकाळी होता. आता लोक नुसती तशी हाक मारायचे. मिस्त्रींचा जोडीदार मात्र फुंकर मारली तर उडेल असा. विहिरीत उतरणाऱ्याचा जीव ज्याच्या हातात द्यायचा, तो असा?

"अहो, मी तुम्हा दोघांनाही वर खेचीन," पैलवान म्हणाला.

"खेचाल हो. पण तुम्ही या कामात नवे. खाली उतरणाऱ्यानं वरचा माणूस निवडायचा, हा आमच्यातला नियम आहे. तुम्ही दगड ओढा."

मालकिणीने मान डोलावली. अडला हरी, दुसरं काय! वादळाने परसातलं जुनं झाड विहिरीवर पाडलं होतं. कठडा गेला, रहाट गेला, आतल्या दगडी बांधणीचा मोठा तुकडा ढासळून पाण्यात पडला आणि उरलेली बांधणीही आज-उद्या कोसळणार होती. जवळपास दुसरं पाणी नव्हतं. नवरा लांब नोकरीला. विहीर गेली तर घर सोडावं लागणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. याआधी दोन गवंडी आत डोकावले आणि कानाला हात लावून परत गेले. हे मिस्त्री डोकावले आणि म्हणाले, "छान विहीर आहे. वाचवू या."

जोडीदाराने दोर उन्हात पसरला आणि बोटांनी चाचपत टोकापासून टोकापर्यंत गेला. मग उलटा फिरून पुन्हा तेच.

"दुधानं तोंड पोळलेलं दिसतंय यांचं," पैलवान खिदळला, "ताकसुद्धा फुंकून पितायत!"

मिस्त्री पोट धरून हसले. जोडीदार हसला नाही. त्याने दोराचं एक टोक मिस्त्रींच्या छातीशी बांधलं, मधला भाग काठाशी आडव्या पडलेल्या त्या झाडाच्या बुंध्याला वेढला आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गाठ मारून पक्कं केलं.

"अहो, कमरेला कशाला? ते गेले तर तुम्हीही जाल की!" पैलवान म्हणाला.

"हो," जोडीदार म्हणाला.

मिस्त्री डावा पाय ओढत काठाशी आले. तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

"असा पाय घेऊन उतरणार तुम्ही?" मालकिणीच्या तोंडून निघून गेलं.

"उतरायला दोर लागतो, ताई. पाय एका विहिरीनं ठेवून घेतला, बाकीचा मी परत आलो," असं म्हणून ते हसत हसत खाली दिसेनासे झाले. जोडीदार मान खाली घालून दोर सोडत राहिला.

मग काम सुरू झालं, आणि काय काम होतं ते! मिस्त्री लटकत्या अवस्थेत सैल दगड काढत, घमेल्यात भरत. पैलवान घमेलं वर ओढी आणि घडीव दगड, सिमेंट खाली सोडी. तासाभरात त्याची बडबड बंद पडली. मधूनच खालून आवाज यायचा, "आहेस?"

"आहे," जोडीदार म्हणायचा.

मालकिणीने चहा आणला. त्याने मान हलवली. "ते वर आल्यावर." ऊन त्याच्या डोक्यावर आलं, तरी तो हलला नाही. पापणीवर माशी बसली, तीही त्याने उडवली नाही. मालकीण घरात जायचं विसरून गेली.

दुपारी उरलेल्या बांधणीचा एक लचका धाडकन सुटला. दोराला हिसका बसला. जोडीदार तोंडावर आपटून काठापर्यंत फरफटत गेला, पण टाच एका मुळीत अडकवून थांबला. पैलवान धावत पोचेपर्यंत त्याने दोर मनगटाला गुंडाळला होता. खालून आवाज नव्हता.

"आहे! आहे! आहे!" कुणी विचारलं नव्हतं, तरी जोडीदार ओरडत होता.

खालून खोकला ऐकू आला. "कळलं रे, आहेस ते. ओरडतोस कशाला? सिमेंट पाठव."

दिवस मावळायच्या आत शेवटचा दगड बसला. तळाशी झऱ्याचं पाणी गाळातून नितळ वर येऊ लागलं होतं. मिस्त्री वर आले, तसं जोडीदाराने त्यांचं डोकं, खांदे, हात चाचपले. मग सोललेले तळवे धुवायला म्हणून घरामागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. त्याचा चहा पैलवान स्वतः घेऊन गेला. दुसऱ्यासाठी कप उचलण्याची पैलवानाची ही पहिलीच वेळ.

मालकिणीला भरून आलं होतं. "सख्खा भाऊसुद्धा असं करायचा नाही," ती म्हणाली. "कुठं भेटला हो तुम्हाला असा माणूस?"

"विहिरीवरच. पहिल्यांदा दोर धरला त्यानं माझा, तेव्हा पोरगेलाच होता."

"आणि तेव्हापासून एकदाही सुटला नसेल त्याच्या हातून."

"तेव्हापासून एकदाही नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून पायरीवर नीट ठेवला. "त्या दिवशी सुटला, तेवढाच."